इंटरकूलर बसवताना क्रॅश बार आडवा येतोय? ग्राइंडर आधी खाली ठेवा

दर उन्हाळ्यात एकदा तरी माझ्या फोनवर असा फोटो येतो. बंपर उतरवलेली गाडी, खाली रिकाम्या पोत्यावर नवा कोरा इंटरकूलर, शेजारी चार इंची ग्राइंडर. फोटोखाली एकच ओळ: "मालक, बार आडवा यायलाय. किती कापू?"

हा लेख त्या ओळीचं उत्तर आहे. घाई असेल तर एवढंच वाचा: बार, म्हणजे बंपरच्या आतला आडवा धातूचा क्रॅश बार, आहे तसा राहू द्या; इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग, आणि त्याचे पाइप हलवा. पण बंपरच्या आत जागा असते बोटभर आणि ऑनलाइन मागवलेला कोअर (इंटरकूलरची मधली जाळी) निघतो वीतभर मोठा, म्हणून हे हलवायचं कसं ते क्रमाने सांगतो. तुमची टर्बो गाडी आहे, पेट्रोल किंवा डिझेल, आणि फ्रंट माउंट, म्हणजे पुढे बंपरमागे बसणारा इंटरकूलर तुम्ही पहिल्यांदाच बसवताय असं धरून लिहितोय.

आधी उन्हाचं गणित

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना नळीचं तोंड गरम होतं, तोच प्रकार. मे महिन्यात दुपारी सोलापूरला ४३ अंश धरा. १ बार बूस्ट (टर्बोने चढवलेला जादा दाब; हा बार दाबाचं माप आहे, गाडीतला नव्हे) आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के, असा हिशोब केला तर टर्बोतून सुटलेली हवा १४० अंशांच्या घरात जाते. पुढे टर्बोने वाढवलेल्या तापमानातलं ७० टक्के उतरवणारा इंटरकूलर असला की ती ७२-७३ अंशांपर्यंत उतरते आणि तेवढ्याच दाबाला सुमारे २० टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. कंपनीचा छोटा कोअर विजापूर रोडच्या गर्दीत स्वतःच तापून बसतो, मग हायवेला लागल्यावर पहिल्या दोन-तीन ओव्हरटेकला गाडी ढेपाळते. मोठा कोअर पुढे, थेट वाऱ्यात आणायचा खटाटोप यासाठी.

नुसता इंटरकूलर लावून गाडी रॉकेट होत नाही, हेही आताच ऐकून ठेवा. उन्हात जी ताकद गळते ती बरीचशी गळायची थांबते, इतकाच त्याचा नफा.

बार कोणता, गार्ड कोणता

दुकानात "क्रॅश गार्ड" मागितलात तर तुमच्यापुढे बंपरच्या बाहेर लावायचे स्टीलचे पाइप येतील. ते आपल्या विषयातले नव्हेत, आणि लावूही नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं.

आपला बार आत असतो. बंपर म्हणून जे दिसतं ते प्लास्टिकचं साल. त्यामागे बहुतेक गाड्यांत फोमची पट्टी, फोमच्या मागे गाडीच्या रुंदीभर आडवा धातूचा बार. हा बार दोन्ही टोकांना दोन डब्यांवर बोल्टने बसतो आणि डबे चेसीच्या दोन लांब दांड्यांवर. डबे मुद्दाम चुरगळायलाच बनवलेले असतात, त्यांच्या अंगावर घड्या किंवा खाचा दिसतील. त्या खाचा पाहून "इथे वीक आहे, पट्टी मारून घेऊ" असं म्हणणारे फिटर मी पाहिलेत. पट्टी मारली की डबा चुरगळत नाही आणि धक्का थेट दांड्यात जातो.

बाराचं खरं काम लोकांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या मोटारींना एआयएस-०९८ ही समोरच्या धडकेची चाचणी लागू आहे. गाडी ताशी ५६ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवतात, पण पूर्ण रुंदीने आदळवत नाहीत. फक्त ४० टक्के भाग टेकतो. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, हाच प्रकार ६४ च्या वेगाने होतो. म्हणजे एकाच बाजूचा दांडा मार खातो, आणि त्यातला वाटा पलीकडच्या दांड्याकडे पोचवायचं काम बाराचं. ११०० किलोची गाडी ५६ च्या वेगाने आदळणं म्हणजे ती चार मजल्यांवरून खाली सोडण्यासारखंच आहे. पुढचा भाग कोणत्या क्रमाने, किती वेगाने चुरगळतो यावरून एअरबॅगचं कंट्रोलर काही मिलिसेकंदांत निर्णय घेतं. बार मऊ केलात किंवा अवाजवी कडक केलात, तर त्या कंट्रोलरला शिकवलेलं गणित तुमच्या गाडीला लागू पडत नाही.

"थोडासाच कापतो" म्हणणाऱ्याला मी एक खेळ करायला लावतो. कापडाच्या ताग्यात पुठ्ठ्याची नळी असते ना, ती आणायची. सोलापुरात टॉवेलवाल्याच्या दारात अशा नळ्या फुकट मिळतात. दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. आता चाकूने तिला लांबीच्या दिशेने एकच चीर द्या आणि परत पिळा. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच, पण नळी हातात लुळी पडते. बारही तसाच बंद पोटाचा असतो. खालची कड उडवून पोट उघडं केलंत की वजनाने अर्धा किलो गेला, पण ताकदीचं काय झालं ते त्या नळीला विचारा.

बंपर उतरवणं आणि मोजमाप

इंटरकूलर मागवायच्या आधी हे करा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ अडचणी क्रम उलटा केल्यामुळे होतात.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा. काही गाड्यांना धडकेचा सेन्सर पुढे, बारामागे किंवा रेडिएटरच्या फ्रेमवर असतो. त्याची वायर कुठून जाते ते आधी बघून ठेवा, ओढाताण करू नका. चाकांच्या कमानीतले स्क्रू, वरचे लॉक, खालचे बोल्ट, फॉगलॅम्पचे सॉकेट, मग बंपर दोघांनी दोन बाजूंना धरून बाहेर. जुने प्लास्टिकचे लॉक निम्मे तुटतातच, नवं पाकीट आणूनच सुरुवात करा.

बार दिसला की त्याला चुंबक लावा. चिकटला तर स्टील, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. स्टील असलं तरी सगळं स्टील सारखं नसतं. बऱ्याच नव्या गाड्यांत गरम दाबून कडक केलेलं बोरॉन स्टील असतं, त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते, गेटच्या साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. ड्रिलचा बिट त्यावर चावत नाही, नुसती चकाकी येते. बिट बदलू नका. गाडी तुम्हाला थांबायला सांगतेय.

मग पाच मापं कागदावर: बाराच्या खालच्या कडेपासून बंपरच्या खालच्या ओठापर्यंतची उंची, बाराच्या मागच्या अंगापासून एसी कंडेन्सरपर्यंतची खोली, दोन दांड्यांमधली रुंदी, टोचनाच्या हुकाचं भोक कुठे येतं ते, आणि जमिनीपासून सगळ्यात खालच्या बिंदूची उंची. ही पाचवी बाब लोक विसरतात आणि मग गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर त्यांना आठवते.

ऑनलाइन नेहमी दिसणारा कोअर ६०० × ३०० × ७६ मिमीचा असतो. छोट्या हॅचबॅकच्या बाराखाली ३०० मिमी उंची सहसा मिळत नाही, म्हणून ग्राइंडर बाहेर निघतो. त्याऐवजी ५५० × १८० × ६५ सारखा बुटका, रुंद कोअर बघा. बाराखाली वाऱ्यात पूर्ण उघडा असलेला १८० चा कोअर बाराआड अर्धा लपलेल्या ३०० च्या कोअरला सहज टक्कर देतो, शिवाय कंडेन्सर कमी झाकतो. सोलापुरात मे महिन्यात एसी गेला तर घरचे तुम्हाला गाडीबाहेर काढतील, इंटरकूलरचं कौतुक कोणी करणार नाही.

पुठ्ठ्याचा इंटरकूलर

कोअर ठरला की त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवा. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, चिकटपट्टी, आणि दोन बाजूंच्या टाक्या म्हणून पाण्याच्या कापलेल्या बाटल्या. हा खोका गाडीत धरून बंपर परत लावून बघा. लागत असेल तर कुठे, ते खडूने खूण करा. मी एका मित्राच्या गाडीला असे तीन खोके बनवले. तिसरा बसला. पहिल्या दोन खोक्यांचा खर्च शून्य होता.

खोका बसला, पण किती फटीने, हे कळायला कणकेचे छोटे गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून संशयाच्या जागी चिकटवायचे, बंपर दाबून लावायचा, काढायचा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. कणीक गव्हाचीच घ्या. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला एक नंबर, पण तिच्या पिठाला इथे भेगा पडतात. बार आणि कोअर यांच्यात निदान १० मिमी, हलणाऱ्या पाइपांभोवती १५ मिमी ठेवा. इंजिन माउंटवर डुलतं, उभ्या गाडीत मोकळा दिसणारा पाइप पहिल्या गिअरला घासतो.

काय कापायला हरकत नाही

आता ग्राइंडरऐवजी हॅक्सॉचं पातं हातात घ्या. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या ज्या उभ्या फासळ्या असतात त्या कमी करता येतात. हवेच्या वाटा करणारी प्लास्टिकची पडदी, खालचं झाकण, नंबर प्लेटच्या मागचा फुगवटा, हेही. हॉर्नची पट्टी बोल्टने लावलेली असेल तर काढून हॉर्न बाजूला न्या. बाराला कधीकधी बंपरचं प्लास्टिक टेकवायला छोटे पत्र्याचे कान असतात, बोटाएवढे. ते स्क्रूने लावलेले असतील तर काढा, वेल्ड केलेले असतील तर राहू द्या आणि पाइप वळवा.

हवेच्या पडद्या कापल्यात तर त्या जागी रबराची किंवा पातळ पत्र्याची नवी पडदी लावाच. नाहीतर हवा कोअरमधून जायचं सोडून त्याच्या बाजूने पळते आणि रेडिएटरही उपाशी राहतो.

फोमला हात लावू नका. पादचाऱ्याच्या पायाला पहिला मार तो झेलतो आणि पार्किंगमधल्या टेकण्यातून बाराला वाचवतो. डबे, बाराचे बोल्ट, टोचनाच्या हुकाची आट्यांची नळी, चेसीचे दांडे, सेन्सरची पट्टी, यांना तर नाहीच. आणि बाराला भोक पाडून इंटरकूलर त्यालाच टांगायचा, ही युक्तीसुद्धा विसरा.

माझा कापलेला बार

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझ्या आधीच्या गाडीला मी बाराची खालची कड मधोमध दीड फूट कापली होती. पोट उघडं पडलं म्हणून ३ मिमीची पट्टी आत घालून सीओटू वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंग देखणं होतं, कारागिराची काही चूक नव्हती. सांगितलं होतं मीच. वर काळा रंग मारला आणि कॉलर ताठ केली.

गळीत हंगामात मोहोळकडून येताना पुढे उसाची डबल ट्रॉली. ती अचानक थांबली, मी ब्रेक दाबला, पण शेवटचे काही फूट गाडी सरकलीच. वेग २० च्या आत असावा. मागच्या ट्रॉलीचा हूक बंपर फोडून आत आला. घरी आणून बंपर काढला तर माझी पट्टी जशीच्या तशी, वेल्डही शाबूत. पण वेल्डच्या कडेने, अर्ध्या बोटावर, मूळ पत्रा सरळ रेषेत फाटला होता. त्या चिरेतून हूक आत शिरून कंडेन्सरला भोक, रेडिएटरची फ्रेम वाकलेली. एसीचा गॅस तिथेच रस्त्यावर गेला.

फाटला तिथेच का? कारण वेल्डिंगच्या उष्णतेने कडक पोलादाचा शेजारचा पट्टा मऊ पडतो, आणि मऊ पट्टा जाड पट्टीशेजारी आला की सगळा ताण त्याच रेषेत गोळा होतो. ॲल्युमिनियमच्या बाराचं तर आणखी वाईट. आर्गनने कितीही सुरेख वेल्ड केलं तरी शेजारच्या भागाची एक-तृतीयांशाहून जास्त ताकद जाऊ शकते, आणि ती परत आणायला भट्टीत उष्णतेचे संस्कार करावे लागतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचा कुठलाही भाग बनवून देणारे हात आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण लूमच्या भागाने माणसं वाचवायची नसतात.

कोणी आधीच कापलेली गाडी घेतली असेल तर डागडुजीच्या नादी लागू नका. शोरूमच्या पार्ट काउंटरवर चेसी नंबर देऊन नवा बार मागवा. भंगारातला घेणार असाल तर दोन टोकांना दोरी ताणून तो सरळ आहे का बघा. भंगारातला बार बहुतेक वेळा अपघातातूनच आलेला असतो. नवा बसवताना बोल्ट नवे आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच.

शर्यतीच्या ट्रॅकसाठीच बनवलेल्या गाड्यांचं जग वेगळं आहे. त्यांना पिंजरा असतो, हार्नेस असतो, स्पर्धेआधी तपासणी होते, आणि कोईमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत त्या ट्रेलरवर जातात. त्यांचे व्हिडिओ बघून रोज शाळेत मुलं सोडायच्या गाडीला त्यांच्यासारखा बार लावू नका.

पट्ट्या, पाइप, हवा

कोअर टांगायला रेडिएटरच्या फ्रेमची मूळ भोकं वापरा. लोखंडी एल पट्ट्या पुरतात, मध्ये रबरी बुश घाला. कडक टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या कोअरला खड्ड्यांनी कानाशी चीर जाते. पट्ट्या मुद्दाम अशा करा की जोराच्या धक्क्यात त्या वाकतील आणि कोअर खाली ढकलला जाईल. बारामागे घट्ट अडकलेला कोअर म्हणजे चुरगळायच्या जागेत घातलेली वीट.

पाइप दोन किंवा अडीच इंची ॲल्युमिनियमचे, तोंडाला उठवलेली कड हवीच. ती नसेल तर बूस्ट आला की होज निसटते. होज सिलिकॉनची, क्लिप टी-बोल्टची. साधी पेचाची क्लिप सिलिकॉनला कापते. बंपरचं प्लास्टिक सोडून पत्र्यातून पाइप न्यायची वेळ येत असेल तर दुसरी वाट शोधा. जोड जितके कमी तितकी डोकेदुखी कमी. एसीची लाइन मध्ये येत असेल तर ती घरी उघडू नका, गॅस काढणाऱ्याकडे न्या.

बंपर लावायच्या आधी गळती तपासा. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीचं बूच, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर लावून १ बारच्या वर न जाता हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुचासमोर तोंड आणू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. बुडबुडे पुसायला टॉवेल कारखान्यातले रिजेक्ट तुकडे उत्तम, किलोवर मिळतात, आणि गॅरेजमधल्या सुताच्या वेस्टइतके धागे सोडत नाहीत. सुटा धागा पाइपात गेला तर इंजिनाच्या पोटात जातो.

रस्त्यावर

पहिली फेरी दुपारीच मारा, पहाटेच्या गारव्यात सगळ्याच गाड्या छान चालतात. ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं) छोटं डोंगल लावून कूलंटचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत राहा. सात रस्ता चौकात एसी लावून सिग्नलमध्ये उभं राहायचं, मग होटगी रोडने बाहेर पडायचं. कूलंट आधीपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त राहू लागलं तर कोअर वाऱ्याची वाट अडवतोय, पडद्या परत बघा. हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली जाणार नाही, ४३ च्या दुपारी ५५ दिसलं तर खूश व्हा.

५०० किलोमीटरनंतर सगळ्या क्लिप एकदा परत आवळा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कामाआधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन तुमचा बदल कागदावर सांगा आणि विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, ईमेल जपून ठेवा. न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला की क्लेमचं घोडं अडतं. कापलेला बार तर त्याला बंपर काढल्याबरोबर दिसतो. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.

जुना इंटरकूलर, त्याच्या होज, हॉर्नची पट्टी आणि उरलेले लॉक एका पोत्यात घालून माळ्यावर टाका, पोत्यावर गाडीचा नंबर लिहा. विकायच्या वेळी गिऱ्हाईक नेमकं म्हणतं, "कंपनी फिटिंग करून द्या, तरच घेतो."